धुतलेली मुळं

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे तक्रारी जुन्याच आहेत, नवीन एकही नाही. बाबांचा गुडघा वाकत नाही आणि ते स्वतःही वाकत नाहीत. रोपवाटिकेच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि मी पाणी घालून परतले की, "डावीकडची ओळ राहिली," म्हणतात. डावीकडची ओळ कधीच राहिलेली नसते. आत्या पंधरा दिवसांपासून राहायला आली आहे. तिला करमतंय, आणि बाबांना ओरडायला दुसरं माणूस मिळालंय.

मोठी बातमी म्हणजे मला नोकरी चालून आलीय. दोन दिवसांच्या प्रवासावर, डोंगरात, पाइनची नवी रोपवाटिका निघतेय. तिकडे पाइन कधी नव्हताच, त्यामुळे तिथल्या मातीत त्याला लागणारी बुरशी नाही. इथल्या जुन्या झाडांखालची माती पोत्यांतून न्यायची, नव्या वाफ्यांत मिसळायची आणि पुढे तिथलं सगळं बघायचं. वीस तारखेच्या आत रुजू व्हायचं आहे. आत्या म्हणते, "जा गं बाई, तुझ्या बापाला मी त्याच्या चड्डीच्या वयापासून ओळखते."

तरी मी होकार कळवलेला नाही. का, ते लिहायलाच बसले होते, आणि बघ, आत्याचंच पुराण लावलं.

नोकरीचं विचारायला आलेल्या बाई मातीचा अभ्यास करतात. त्यांनी सूक्ष्मदर्शक आणला होता. पाइनचं मूळ त्याखाली ठेवून मला दाखवलं. मुळाच्या टोकांना मोजे घातल्यासारखी पांढरी बुरशी, आणि तिथून चहूकडे निघालेले बारीक धागे. आपण लहानपणी त्यांना मातीच्या आजीचे केस म्हणायचो, आठवतं? बाई म्हणाल्या, झाड बुरशीला साखर देतं, आणि जिथे मूळ पोचत नाही तिथून बुरशी झाडाला पाणी आणि खत आणून देते.

"आणि दोघांतल्या एकाला निघून जायचं असेल तर?" मी विचारलं.

त्या हसल्या. "कुठे जाणार? पाय कुठे आहेत त्यांना!"

मीही हसले. मग नळावर जाऊन उगाचच तोंड धुतलं.

ताई, आता लिहिते. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही ते खडकाळ टेकाड लागवडीला घेतलंत, तेव्हा पाइनची दोनशे रोपं मी बांधून दिली होती. बाबांनी बजावलं होतं की मुळांना धरलेल्या अंगच्या मातीला हात लावू नकोस. मी प्रत्येक रोप पिशवीतून काढलं, टाकीत बुडवलं आणि मुळं बोटांनी चोळून चोळून लख्ख केली. पांढरा धागा एकही ठेवला नाही. मग विहिरीच्या खोदकामात खोलवरून निघालेल्या चिकणमातीचे गोळे त्यावर थापले, गोणपाट गुंडाळलं आणि गाठी मारल्या. तू माझ्या गालावरून हात फिरवून म्हणालीस, "किती निगुतीनं बांधलंयस गं!"

तुझं वाईट व्हावं असं मनात नव्हतं, हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. रोपं धरली नाहीत की तू परत येशील, एवढंच मला हवं होतं. तू गेल्यावर बाबांच्या तावडीत मी एकटी उरणार होते. मी घाबरले होते.

तू आली नाहीस. दोन वर्षांनीही रोपं वीतभरच, जांभळी पडलेली, असं तू कळवलंस. खाली लिहिलं होतंस, "हे म्हणतात माझ्या हाताला गुण नाही. असेलही." आता तू लाँड्रीत दुसऱ्यांच्या चादरी घड्या करतेस आणि खिडकीत साधी कुंडीही ठेवत नाहीस.

बाबांनी मला टाकीपाशी पाहिलं होतं. एक शब्द बोलले नाहीत, कारण तू परत यायला त्यांनाही हवीच होतीस. सहा वर्षांपूर्वी मी दुसरीकडे काम धरायचं काढलं, तेव्हा पहिल्यांदा बोलले. आवाजही चढवला नाही. "जा की. मी ताईला दोन ओळी टाकतो, मुळं कुणी धुतली ते." मी ट्रंक रिकामी केली. त्यानंतर आणखी दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. गेल्या आठवड्यात या नोकरीचं सांगितलं, तेव्हा तर त्यांनी नुसतं पोस्टकार्ड मागितलं.

आत्ताच दारातून त्यांनी विचारलं, "एवढं काय लिहितेयस?"

मी म्हटलं, "ताईला दोन ओळी."

तेव्हापासून डावीकडच्या ओळीबद्दलसुद्धा काही बोललेले नाहीत.

हे पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन देणार आहे आणि तिथूनच पुढे होकार कळवायला जाणार आहे. तुझ्या उत्तरासाठी थांबणार नाही. थांबले तर कायमची राहीन, माझी मला खात्री आहे. माफीही मागत नाही; मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय.

सोबतच्या खोक्यात एक रोप आहे, अंगच्या मातीसकट. माझ्यावरच्या रागाने फेकून दिलंस तरी चालेल. पण तुझ्या हाताला गुण होता, ताई. अकरा वर्षं होता.

मुळं धुणारी,
तुझी धाकटी