खबर पोचल्यावर

रत्नागिरी,
२२ ऑक्टोबर १९८८

प्रिय अच्युत,

सप्रेम नमस्कार. माझा खोकला गेला. आईंच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलंय, ते मिळालं असेल.

प्रबंध संपत आला. मच्छीमार सोसायटीत बसवलेली माझी संगणकाची पद्धत नीट चालते. वादळात बोटी जयगड, हर्णै, जमेल तिथं आसरा घेतात. पूर्वी घरच्या बायका सोसायटीच्या पडवीत येऊन बसायच्या, कुठून फोन येतो का म्हणून. आता बंदराबंदरांतून येणारी खबर मी संगणकात भरते आणि छापील कागद वाडीवर लागतो.

तू म्हणाला होतास, "शास्त्र जे आहे ते शोधतं. तू जे नाही ते बनवतेस. त्याला संशोधन म्हणू नकोस." मी चिडून इथली नेमणूक मागून घेतली. पण मला अजूनही वाटतं, बनवलेली वस्तू हाही एक दावाच असतो. जगात ठेवून बघायचं, टिकतो का. माझा दावा होता की बायका ताटकळतात त्या खबर मिळत नाही म्हणून. ती घरी पोचली की पडवी रिकामी होईल. झालीही. मार्गदर्शक खूश आहेत. मला "बाई, जेवलात काय?" विचारणारं आता कोणी येत नाही, हे प्रबंधात कुठं लिहायचं ते कळेना.

परवाच्या वादळात कमळा पडवीत येऊन बसली. तिच्या नवऱ्याची, दत्तारामची बोट जयगडला सुखरूप असल्याचं सकाळीच वाडीवर लागलं होतं. मला वाटलं, तिला कळलं नसेल. ती म्हणाली, कळलं, वाचून घेतलं.

"मग कशाला आलीस?"

"घरात एकटीला बसवेना."

म्हणजे दावा चुकला. मला वाईट वाटायला हवं होतं. मी काम टाकून तिच्याशेजारी जाऊन बसले. तिच्या सासूच्या गोष्टी झाल्या, महाग झालेल्या जाळ्यांच्या झाल्या. मग तिनं विचारलं, "बाई, तुमचा कोण गेलाय दर्यात?"

कोणी नाही, म्हटलं. ते तिलाही पटलं नाही आणि मलाही.

आता तू म्हणशील, हरलीस. मी म्हणेन, चुकलेला दावाही ज्ञानच असतो. ते समोरासमोर भांडू. दर पत्रात मी खुशाली कळव म्हणते आणि तू कळवतोस. अच्युत, ती पोचते. पण तेवढ्यानं भागत नाही.

ये.

तुझी,
कुमुद