उष्ट्या रंगाचा आठवा हात

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पाकीट उलटसुलट करून बघत बसू नकोस, पत्र माझंच आहे. अक्षर अजून तेच, कोंबडीचे पाय. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? तू वर्षाला एक कार्ड तरी टाकतोस, मी तेवढंही करत नाही. त्यामुळे आजच कशी आठवण झाली, असं म्हणशील. काम आहे.

आमच्या संग्रहालयात रेल्वेचा एक जुना मालडबा आलाय. तो मूळ रंगात उभा करायचा आहे, आणि मूळ रंग कोणता हे मी शोधून सही करून द्यायचं. बाहेरचा सोपा होता: काव, थोडी काजळी, जवसाचं तेल. अडलंय ते आतल्या बाजूला. बाबांच्या कारखान्यात उरलासुरला सगळा रंग एकत्र ओतून डब्यांना आतून मारायचे, त्याला 'उष्टा' म्हणायचे, आठवतं? उष्ट्याची नोंद कुठल्या तक्त्यात सापडणार? तू सुट्टीत बाबांना रंग ढवळून द्यायचास, म्हणून तुला विचारते. त्या वर्षीचा उष्टा तपकिरी होता की हिरवट?

कुठल्या वर्षीचा ते तुला कळलंच असेल. हो, तोच डबा. नंबर मी तीनदा पुसून पाहिला.

ओल्या पॉलिश पेपरने एकेक थर घासत खाली जायचं, ही आमची पद्धत. कारखान्याच्या वहीत लिहिलंय, 'आतून रंगाचे सात हात, दर तीन वर्षांनी एक.' पहिल्याच थरात, दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर एक पंजा उमटलेला दिसला. डावा. म्हटलं, असेल एखाद्या धांदरट रंगाऱ्याचा. त्याखालच्या थरात पुन्हा तो, बोटभर खाली आणि जरा लहान. असं करत सातव्या थरापर्यंत गेले. तिथला पंजा कमरेच्या उंचीवर आहे, माझ्या तळव्यात मावेल एवढा. सातही पंजांची करंगळी बाहेर वाकलेली आहे. आपल्या धाकट्या ठकीची दारात चेमटून वाकली होती, अगदी तशी.

दादा, मी घाबरले आहे.

वहीत त्या वर्षाचं पान काढलं. डबा तीन दिवसांनी शेवटच्या स्टेशनात उघडला. कडी बाहेरून लावलेली, आत काही नाही. पुढे शेरा आहे, 'आतला रंग अजून ओला.' नंतरच्या प्रत्येक रंगकामापुढे तोच शेरा.

आता जे लिहायचं म्हणून दोन कागद फाडले, ते लिहिते. आपण तिघं बाबांना जेवणाचा डबा द्यायला कारखान्यात गेलो होतो आणि तिथेच लपंडाव मांडला. राज्य तुझ्यावर होतं. तू भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजत होतास. तुला सापडू नये म्हणून मी ठकीला त्या डब्यात चढवलं, 'दादा येईपर्यंत चूप' म्हणून बजावलं आणि बाहेरून कडी लावली. मी पिंपामागे लपले. तेवढ्यात इंजिन आलं आणि डबा घेऊन गेलं. आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, "ठकी दादाबरोबर होती." फक्त एवढंच म्हणाले. मग आईने तुझ्याशी बोलणं टाकलं आणि सोळाव्या वर्षी तू पिशवी उचलून गेलास. दारापर्यंत सोडायला मी आले होते. तेव्हाही सांगितलं नाही. मला मार मिळेल याची भीती होती, आणि नंतर भीतीचीच सवय झाली. तुझं आयुष्य मी नासवलं. माफ कर म्हणायचंही तोंड नाही.

रंगाचं उगाच विचारलं. हिरवट होता. तिला आत ढकलताना माझ्या बोटांना लागला होता, मी तो गुपचूप रॉकेलने घासून काढला.

परवा दुपारी तसाच उष्टा कालवून मी आठवा हात मारला. काल सकाळी त्यात पंजा होता. सांधे फुगलेले, माझ्यासारखेच. पन्नाशीच्या बाईचा हात. त्यावर मी माझा हात ठेवला. रंग ओला होता आणि कोमट होता.

दाराची कडी मी काढून टाकली आहे. तरी आज दार हलत नाही, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. मी हाका मारल्या, माझं ऐकत नाही. कसं ऐकेल? दादा येईपर्यंत चूप, असं मीच सांगितलं होतं. पंचेचाळीस वर्षं ती लपूनच आहे रे.

सोमवारी मला रंगावर सही करून डबा सोपवायचा आहे, त्याच्या आत ये. दारापाशी उभा राहा आणि मोठ्याने म्हण, "ठकी, सापडलीस!"

मी तुझ्या मागे उभी असेन.

तुझी,
कडी लावणारी