माझ्या माश्या कुणी मारल्या

प्रिय खारूताई,

प्रिय लिहिलं ते सवयीने. आत्ता या घटकेला तू मला अजिबात प्रिय नाहीस. पोटात बाळ आहे म्हणून तुला कुणी काही बोलायचं नाही, असं जावईबापूंनी ठरवलं असेल तर त्यांना सांग की सासूबाईंनी तसलं काही ठरवलेलं नाही. माझा फोन बिघडलेला नाही, मीच उचलत नाहीये. फोनवर तू रडतेस, मी विरघळते आणि मला बोलायचं असतं ते सगळं राहून जातं. म्हणून कागदावर भांडते आहे. पाठीला उशी घे आणि नीट बसून वाच.

सोमवारी सकाळी कॉलेजात गेले, ती नेहमीप्रमाणे आधी माझ्या बाटल्यांकडे. प्रयोगशाळेच्या खिडकीशेजारच्या कपाटात खालचा कप्पा माझा, त्यात माझ्या फळमाश्या. बघते तर कप्पा रिकामा. माझ्या बाटल्या बेसिनशेजारी ओळीने उपड्या घातलेल्या, लख्ख धुतलेल्या, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यासुद्धा खरवडून काढलेल्या. लॅबमधले मामा हात पुसत आले आणि म्हणाले, ताई, तुम्ही सोडून चाललात ना, मॅडमनी सांगितलं म्हणून साबणाच्या गरम पाण्यात टाकल्या. मला काही सुधरेना. तशीच मॅडमच्या केबिनमध्ये गेले, तर त्याच माझी समजूत घालायला लागल्या. म्हणे, तुमच्या मुलीचा फोन आला होता, किती गोड बोलते हो! ती म्हणाली, आईला संकोच वाटतो म्हणून ती स्वतः सांगत नाहीये, घरी बाळ येतंय, तिचं नाव प्रोजेक्टमधून कमी करा. आणि या विभागप्रमुख बाईंनी केलं की कमी! मला एका शब्दाने न विचारता! वर्गातल्या एखाद्या पोराच्या बहिणीने असा फोन केला असता तर त्याचं नाव कापलं असतं का गं यांनी? त्याला बोलावून घेतलं असतं, खुर्चीवर बसवून विचारलं असतं. माझ्या बाबतीत मुलगी बोलली म्हणजे झालं, जणू मी बँकेतलं जुनं खातं आहे आणि कुणीही सही करून बंद करावं.

तू म्हणशील, माश्याच तर होत्या. हो, माश्याच होत्या, आणि त्यांच्यावर माझी पदवी उभी होती. शेवटच्या वर्षाला हा प्रोजेक्ट नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक आहे; तूही याच वाटेने गेलीस, फक्त विषय वेगळा. माझ्या प्रयोगात पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर. त्यांची पिल्लं झाली की मुली लाल डोळ्यांच्या आणि मुलगे झाडून सगळे पांढऱ्या डोळ्यांचे. मुलग्यांनी डोळे आईकडूनच घ्यायचे, बापाचं त्यात काही चालत नाही. पहिल्यांदा ते भिंगाखाली दिसलं तेव्हा मी एवढ्यांदा ओरडले की शेजारच्या टेबलावरची पोरगी दचकून स्टुलावरून उतरली. पण त्यासाठी मादी कोषातून बाहेर आली की आठेक तासांच्या आत तिला नरांपासून वेगळं काढावं लागतं. उशीर झाला की पुढची पिल्लं कुणाची, ते सांगता येत नाही. म्हणून मी सकाळी कॉलेजचं फाटक उघडायला हजर आणि संध्याकाळी कुलूप लागायच्या आधी पुन्हा हजर. माझा टेबलावरचा जोडीदार, ज्याला सगळे काडी म्हणतात, तो म्हणतो, काकू, तुम्ही या माश्यांच्या हॉस्टेलच्या रेक्टर आहात. म्हणू दे. त्या रेक्टरकीतून मी दुसऱ्या पिढीपर्यंत पोचले होते. नातवंडं मोजायची तेवढी राहिली होती, खारे. आठवड्याभरात मोजून झाली असती आणि तुझ्या तारखेच्या कितीतरी आधी मी बॅग घेऊन तुझ्या दारात उभी राहिले असते. तुझ्या त्या गोड फोनने नेमकं काय केलं, ते आता तरी शिरलं का डोक्यात?

पण मला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? मॅडमना तू म्हणालीस की आईचा तो विरंगुळा आहे. विरंगुळा! अगं, बाई भरतकाम करते तो विरंगुळा. मी सकाळी उठून स्वयंपाक करते, बसमध्ये उभी राहून पेशीविभाजनाच्या पायऱ्या पाठ करते, माझ्या मुलांहून लहान पोरांसमोर उभी राहून चुकीची उत्तरं देते आणि हसं करून घेते. चष्मा नाकावर, त्यावर सूक्ष्मदर्शक, मान अवघडून जाते, आणि तरी मला ते सोडवत नाही. विरंगुळ्यासाठी कुणी एवढा त्रास घेत नाही.

तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की तुझ्यामुळे. तुझ्यामुळे नव्हे, हे आधी घट्ट लक्षात ठेव आणि मगच पुढे वाच. तू झालीस तेव्हा मी हेच शिकत होते, हाच विषय, दुसरं वर्ष. प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि तू अगदी तान्ही होतीस. मला फक्त तीन तास हवे होते. तुझे बाबा त्या दिवशी घरी होते, बाहेरच्या खोलीत पेपर वाचत. मी म्हटलं, हिला एवढं घ्या, मी आलेच. ते म्हणाले, मला नाही गं जमत ते, माझ्या हातात ती रडते. रागाने नाही म्हणाले, अगदी साधेपणाने म्हणाले, आणि मजा म्हणजे घरातल्या सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं! पुरुषाला जमत नाही, विषय संपला. तू दूध पिऊन झोपलीस, माझी परीक्षा बुडाली, मग वर्ष बुडालं, मग तुझा भाऊ झाला. त्यावर पुढे कुणी चकार शब्द काढला नाही. माझा राग तुझ्यावर कधीच नव्हता. माझा राग त्या "जमत नाही"वर आहे आणि तो अजून तसाच ताजा आहे.

आता तुझं ऐकते. तू घाबरली आहेस. मागच्या खेपेला जे झालं त्यानंतर तू घाबरणार नाहीस तर कोण? रात्री झोप लागत नाही, काही हललं नाही की जीव वरखाली होतो, आणि अशा वेळी आई जवळ हवी, एवढंच तुला हवं होतं. मग तेवढंच म्हणायचं होतंस ना! आई, मला भीती वाटते, ये. मी काडीला माश्या सोपवून दोन दिवस धावत आले असते आणि परत गेले असते. ते सोडून तू माझ्या मागे माझं नाव कापायला निघालीस. भीतीपोटी केलंस, हे कळतं मला. कळूनही राग जात नाही, काय करू?

तर आता झालं ते ऐक. मी मॅडमच्या केबिनमधून उठलेच नाही. मला विचारल्याशिवाय माझं नाव कसं कापलंत, एवढं एकच विचारत राहिले. बाहेर काडी आणि अख्खा वर्ग दाराला कान लावून. शेवटी त्या खजील झाल्या, माझं नाव परत घातलं, विभागाच्या साठ्यातल्या नव्या माश्या दिल्या आणि महिनाभराची मुदतही दिली. मी पहिल्यापासून सुरुवात केली आहे. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून बाटल्या भरल्या, माद्या वेगळ्या काढते आहे, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे तुझं बाळ आणि माझ्या माश्या एकदमच येणार. बाळ झाल्याचं कळलं की मी येईन, तुला जवळ घेईन, त्याला डोळे भरून बघेन आणि दुसऱ्या दिवशी परत फिरेन. राहायला नाही येणार.

हे पत्र टपालाने का पाठवलं नाही, ते आता सांगते. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं, ते पाणी पिऊन परत निघतील असं तुला वाटत असेल. दाराशी ठेवलेली त्यांची बॅग बघ, केवढी मोठी आहे ती. रिटायर होऊन वर्ष झालं, वेळच वेळ आहे. गेले चार दिवस मी त्यांना उशीला लंगोट बांधायला लावलंय, बाटली उकळायला शिकवलंय, मानेखाली हात कसा धरायचा ते दहादा दाखवलंय. मला जमेल का, असं त्यांनी निघताना विचारलं. मी म्हटलं, तीन तासांसाठी जमलं नव्हतं, आता दीड महिना जमवा. बाळ त्यांच्या हातात रडेल, तेव्हा धावत जाऊ नकोस. रडू दे. तुझ्या बाबांना सांभाळू दे.

तुझ्यावर रागावलेली आणि तरीही फक्त तुझीच,
आई