मंदाताईसाठी झुलती खुर्ची

सावंगी (मेघे)
९ ऑक्टोबर २०२३

चि. कैलासले ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आरा मशीननं तुये कान नेले, फोनवर तुले काहीच ऐकू येत नाई, म्हणून लिहून राह्यली. मणक्याच्या ऑपरेशनले तेरा महिने झाले. चालता येते, झोपता येते, पण बसता येत नाई. पाच मिनिटांत कमरेत कळ निघते. डॉक्टर म्हणाले, झुलत्या खुर्चीत बसून पाहा. बाजारातल्या दोन पाहिल्या. एकीत पाय लोंबतात, दुसरी पाठीले टोचते.

तू जन्मभर दारं-खिडक्याच केल्या, हे मले माहीत आहे. लहानपणी तू केलेल्या पाटावरून मी पडलती, तेही विसरली नाई. तरी एक खुर्ची करशील का? तुये भाऊजी म्हणतात, त्याले काऊन त्रास देतेस. माया भावजयीले, छायाले, आशीर्वाद.

तुयी, मंदाताई


समुद्रपूर
६ नोव्हेंबर २०२३

ती. ताईस, कैलासचा शि. सा. न.

खुर्ची केली, पण फसली. छाया बसली तर मागंच कलंडली. आता ती म्हणते, पुढच्या खुर्चीत आधी तुम्ही बसा. ताई, दारानं आपल्या जागी राहावं, एवढंच मी चाळीस वर्षं शिकलो. हलणारं लाकूड मले समजतच नव्हतं.

एक काम करजो. भिंतीले पाठ लावून उभी राह्य. भाऊजींना म्हण, मानेपासून माकडहाडापर्यंत दोरी धरा आन् जिथं जिथं दुखते तिथं गाठ मारा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत दुसरी दोरी. दोन्ही पाकिटात घालून पाठवजो.

तुया, कैलास


समुद्रपूर
१९ जानेवारी २०२४

ती. ताईस, कैलासचा शि. सा. न.

तुयी दोरी मी भिंतीवर टांगली. सहा गाठी पाहून आधी दोन दिवस हातात करवत घेववली नाई. एवढं दुखते, हे तू कधी बोलली नाईस.

खालचे वाकडे पाय सागाच्या पातळ पट्ट्या सरसानं एकावर एक चिकटवून केले. तीनदा केले, तीनदा मोडले. चौथ्यांदा जमले. रिकाम्या खुर्चीले एक बोट लावलं, तर ती कितीतरी वेळ झुलत राह्यली आन् जिथून निघाली तिथंच येऊन थांबली. मी पुन्हा बोट लावलं. पुन्हा तसंच. छाया चहा ठेवून गेली, तो थंड झाला. लाकूड मेलेलं असते असं समजून मी आजवर कापत आलो, ताई.

मंग छाया बसली. म्हणाली, खुर्ची आहे असं वाटतच नाई. पण तिची पाठ धड आहे. तुयी पाठ काय म्हणेल, देव जाणे. खुर्ची टेम्पोनं पाठवतो. मी येत नाई. तुया तोंडावर कळ उमटलेली पाहाची हिंमत नाई.

तुया, कैलास


सावंगी (मेघे)
२८ जानेवारी २०२४

चि. कैलासले ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

खुर्ची पोचली. दोन दिवस मी तिले नुसतीच हात लावून पाहे. काल दुपारी हे दुकानातून आले, म्हणाले, बस, मी धरतो. बसली. आता कळ येईल म्हणून दात आवळून वाट पाहून राह्यली. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खुर्ची हळूच मागं जाये, पुढं येई, आन् कळ काही येईना. पाठ कुठं संपते आन् लाकूड कुठं सुरू होते, मले समजेना. माये हात आपोआप जोडले गेले. तू लहान, म्हणून लिहाले संकोच वाटते, पण ते तुलेच जोडले होते.

मंग ह्यांनी वरण-भाताची दोन ताटं आणली. एक माया मांडीवर ठेवलं आन् दुसरं घेऊन माया पायाशी खाली बसले. बसताना ह्यांच्या तोंडून एवढा मोठा सुस्कारा निघाला, की मी पाहातच राह्यली. कैलास, सोळा महिने मी ओट्यापाशी उभ्यानं जेवली. दुकानाची घाई आहे म्हणत हेही रोज शेजारी उभ्यानंच जेवले. मले खरंच वाटे, की घाई आहे.

खुर्चीसंगं तुयी माया पोचली. आता तूही येजो.

तुयी, मंदाताई