समुद्रावरच्या हॉटेलात बसाले

४ फेब्रुवारी २०१२. देवरी, सकाळी.
मी सांगून राहिली, सून अल्का लिहून राहिली. मले अक्षर येत नाही. म्हणून ही डायरी एकदम सेफ. मीच वाचू शकत नाही, तर दुसरा कायले वाचल!
ठरलं. मुंबईले जाईन आन रत्नपालले घेऊन येईन. पोरगा तिकडं हॉटेलात लागला, तो पोरगी स्नेहल जन्मल्यापासून घरी नाही. आता त्याचा फोनही बंद. स्नेहल तर मोबाईललेच बाबा म्हणते. पोराचा दोष नाही. मालक खडूस असल.

६ फेब्रुवारी.
अल्का म्हणते, माय, ते मोठं हॉटेल हाय, समुद्राच्या काठावर, लोक तिथं झोपाले जातात. मी म्हणलं, बाहेर खाटा टाकत असतील. हॉटेल म्हणजे हॉटेल. बाकड्यावर बसाचं, चहा सांगाचा, गल्ल्यावरच्या मालकाशी गोड बोलाचं. बसस्टँडवरचा भैय्यालाल मले पाहिलं की शिळे भजे मागं लपवते. मुंबईवाला काय वेगळा असल?
मालकासाठी घरचे नवे तांदूळ बांधले. आठ दिवसांची सुट्टी मागीन. एकदा घरी आला की पोरीचं तोंड पाहून जाणार थोडाच हाय!

९ फेब्रुवारी. गोंदियाहून गाडीत.
अल्कानं लग्नातली साडी नेसली. मी म्हणलं, नवऱ्याले भेटाले चालली का दाखवाले? हसली नाही. गाडी हलते म्हणून अक्षर वाकडं येते म्हणाली. मले सारखंच दिसते.

१० फेब्रुवारी. मुंबई, दुपारी.
हॉटेल सापडलं. सारं काचेचं. धुणाऱ्याचं काही खरं नाही. अल्काले म्हणलं, तू पोरीले घेऊन समोर कट्ट्यावर बस, मी त्याले घेऊनच येईन.

त्याच दिवशी, संध्याकाळी, कट्ट्यावर.
बाकडं नाही. गल्ला नाही. तळणाचा वास नाही. कसलं हॉटेल! माह्या गाठोड्याले मशीनमधून काढलं. तांदळात काय बंदूक पेरली होती? एक पोरगी म्हणे, रूम बुक है क्या? मी म्हणलं, रूम कायले, चहा पिईन आन जाईन.
रत्नपाल नव्हता. साहेबाच्या कामानं गोव्याले गेला. दरवाजा उघडणाऱ्या माणसानं सांगितलं. फेटा, पांढरे हातमोजे, राजासारखा. मले सलाम ठोकला. मग वाकून हळूच म्हणाला, काऊन आली? जा. मग मोठ्यानं, माताजी, उधर से. लय सभ्य माणूस.
अल्काचा पेन थांबला. म्हणलं, काऊन थांबली? लिव.

१२ फेब्रुवारी. देवरी.
घरी आल्यावर अल्कानं साडी घडी करून पेटीच्या तळाशी ठेवली. मी तांदूळ परत डब्यात ओतले. पुढच्या वेळी मालकाले घरीच भेटीन म्हणते. हॉटेलात काही दम नाही.
दिवेलागणीले अल्कानं इचारलं, माय, मुंबईच्या दरवानाले आपलं 'काऊन' कोणं शिकवलं?
म्हणलं, असल कोणी आपल्या इकडचा. आमगावचा. सालेकसाचा.
म्हणे, कोणाचा होता तो?
स्नेहल बंद मोबाईल कानाले लावून बाबा, बाबा करून राहिली होती.
म्हणलं, लिव, मी त्याले ओळखत नाही.
तिनं लिवलं का नाही, मले काय समजते.