तिकिटाचा भाव उतरेपर्यंत

१६ नोव्हेंबर २००४, मंगळवार
दिवाळी संपली. लासलगावचे कांद्याचे लिलाव अजून बंद. फराळ उरलाय, भूक नाही. तरी चिवडा खाल्ला.

पाडव्याला संध्यानं ओवाळलं. ताटात साडीचे पैसे टाकायला गेलो तर म्हणते, साडी नको, मला रविराज-सरिताचं तिकीट आणून द्या. दोघांनी जाऊ. या वर्षी एवढीच ओवाळणी. मी म्हटलं, आलं समज.

लग्नाला अठरा वर्षं झाली. बायकोनं तोंड उघडून काही मागितल्याची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मिक्सर मागितला होता. तो पुढे तिच्या माहेरून आला, पण मी घेणारच होतो.

रविराज-सरिता म्हणजे नादरंग ऑर्केस्ट्रा. आमच्या तरुणपणी गणपतीत अख्खं नाशिक यांच्या मागे असायचं. पोस्टरवर आधी कुणाचं नाव यावरून दोघं भांडले आणि पंच्याऐंशी साली पार्टी फुटली. आता पुन्हा एकत्र येतायत. ५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी पाच. एकच शो. संध्याला सगळी गाणी पाठ. पोळ्या लाटताना सरिताची चालू असतात, भांडी लावताना रविराजची.

२० नोव्हेंबर, शनिवार
तिकिटं मिळाली!!

संध्यानं पहाटे उठवलं, स्वेटर घातला, थर्मास हातात दिला आणि दाराबाहेर काढलं. बाकी सगळं प्लॅनिंग माझं.

नाट्यगृहाबाहेर ही लाइन. माणशी दोनच तिकिटं. नऊची खिडकी साडेनऊला उघडली आणि दहाला धाडकन बंद. तिकीट मिळालेल्यांत मी शेवटून दुसरा. मागे शेकडो माणसं बोंबलतायत. पुण्याहून आलेले एक काका तर रडायलाच लागले. हॉल केवढा, लाइनीतून आत गेली मूठभर माणसं. मग बाकीची तिकिटं काय मुंग्यांनी नेली?

उत्तर द्वारका चौकात मिळालं. भिकाच्या पानटपरीवर पान घ्यायला थांबलो. सुपारीच्या डब्यामागे तिकिटांचा गठ्ठा! वर मलाच विचारतो, शेठ, लागतात का, दीडशेचं तीनशेला. तोंडातलं पान थुंकून टाकलं. (पैसे देऊन झाले होते, म्हणून दुसरं घेतलं.) रसिकांची लूट आहे ही. पेपरात पत्र लिहिणार. आजच.

घरी येऊन तिकिटांच्या पाठीवर गाळ्याचा शिक्का मारला. निळा गोल, मधे ‘का. बो.’ म्हणजे कारभारी बोरस्ते. माल हातात आला की आधी मार्का, मग चहा. वडिलांची शिस्त. जी-चौदा, जी-पंधरा. संध्याच्या शालूखाली ठेवली. ती मधूनच कपाट उघडून बघून येते. पोरकटपणा.

२२ नोव्हेंबर, सोमवार
पत्र टाकलं. मथळा मीच दिला: ‘कलेचा काळाबाजार करणाऱ्या नरभक्षकांनो!’ संध्या म्हणाली, नरभक्षक जरा जास्त होतंय. ठेवला.

२४ नोव्हेंबर, बुधवार
लिलाव सुरू झाले. येताना जीप द्वारकेला थांबवली. फक्त अभ्यासासाठी. भाव साडेतीनशे.

भिका हाडाचा चोर आहे, पण मार्केटची जाण आहे. गिऱ्हाईक आलं की आधी नाही म्हणतो. मग डबा उघडतो. आमच्याकडचे निम्मे व्यापारी यानं विकून खाल्ले असते.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार
आज डोकं अफाट चाललं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विसरायला नको.

वीस वर्षं कांद्यात काढली. कांदा एकच गोष्ट शिकवतो. साठवणीच्या चाळीतला जुना माल संपत आला की भाव चढतो, लोक वेडे होतात, अजून चढेल म्हणून धरून बसतात. आणि एक दिवस सकाळी लाल कांद्याचे ट्रॅक्टर लागतात. नवा माल आला की भाव धाडकन खाली. धरून बसलेला मेला. चढ्या भावाला विकलेला वाचला.

आता बघा. (कुणाला सांगतोय मी? असो.) शो एक, गर्दी तुफान, म्हणजे आयोजक दुसरा शो लावणारच. गाढव असला तरी लावेल. दुसरा शो म्हणजे नवा माल. मग हेच तिकीट दीडशेला कुत्रं विचारणार नाही.

सायंकाळ
भिकालाच विकली. चारशेला एक, दोनचे आठशे. रोख.

हा काळाबाजार नव्हे. काळाबाजारवाला विकून मोकळा होतो. मी परत घेणार आहे. त्यामुळे हा फक्त फेरा झाला. दुसरा शो जाहीर झाला की पुढच्या रांगेतली घेऊ, वर संध्याला साडीही येईल नफ्यातून. तिला आत्ता सांगत नाही. सरप्राइज.

शालूखाली त्याच आकाराची लग्नपत्रिका ठेवली. वरवर बघितलं तर कळत नाही.

आजच पेपरात पत्र छापून आलं. नरभक्षक काढून टाकलाय. संध्यानं शेजारच्या सिंधुबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. आमच्या ह्यांना अन्याय अजिबात सहन होत नाही, असं म्हणाली. छान वाटलं. थोडं घशाशीही आलं. भज्यांमुळे असावं.

२९ नोव्हेंबर, सोमवार
लासलगावला लाल कांद्याची आवक जोरात. भाव शंभरानं खाली. मेहुणे सहादू भेटले. संध्याचे थोरले भाऊ, पिंपळगावकडे शेती. त्यांनी जुना उन्हाळ कांदा चाळीत धरून ठेवला होता, आता डोक्याला हात. मी म्हटलं, बघा, नवा माल. तर म्हणतात, दाजी, तुम्ही लय हुशार हाय, पन आधी सांगायचं ना.

घरी आलो तर संध्याचं वेगळंच. दादा-वहिनींनाही घेऊन जाऊ म्हणते. वहिनी म्हणजे बयाबाई, उभ्या जन्मात त्यांनी थिएटर बघितलेलं नाही. अजून दोन मिळतील का कुठे? मी ठणकावून सांगितलं, आता फक्त ब्लॅकमध्ये मिळतात आणि या घरात ब्लॅकचं तिकीट येणार नाही. पत्र लिहिलंय मी. ती कणीक मळायला उठली. पटलं असणार.

दुसऱ्या शोची अजून जाहिरात नाही. छपाईला वेळ लागतो.

२ डिसेंबर, गुरुवार
भाव साडेसहाशे. हे अनैसर्गिक आहे.

भिकाला सहज विचारलं, आमची जी-चौदा, जी-पंधरा आहेत का रे? म्हणाला, ती कालच गेली शेठ. इंदिरानगरच्या एक बाई होत्या. उन्हात तासभर उभं राहून घासाघीस केली, शेवटी भाऊबीजेचे पैसे मोजून साडेपाचशेनं दोन्ही नेली.

कोण ही बया! भाऊबीजेचे पैसे असे उधळतात? असले लोक आहेत म्हणून भाव चढतात आणि आमच्यासारख्यांची गोची होते. नवरा काय झोपा काढतो काय हिचा?

संध्या आज फारच खुशीत. नवा ब्लाउज शिवून आलाय. रविवारी तुम्हाला एक गंमत दाखवते, म्हणाली. मी म्हटलं, मीही दाखवीन.

४ डिसेंबर, शनिवार
दुसरा शो नाही. आयोजक गाढवाहून गाढव निघाला.

हरकत नाही. प्लॅन बी. दुपारीच द्वारका गाठली. टपरीला गराडा. भिकाकडे शेवटची दोन उरलेली. सातशेला द्यायला तयार होता. मी पाकीट काढलं. तेवढ्यात मागून एक चष्मेवाला म्हणाला, सातशे दहा. आता वीस वर्षांची सवय आहे, कुणी दहा चढवले की माझा हात आपोआप वर जातो. मी म्हटलं, वीस. तो म्हणाला, तीस. मग मला काही दिसेना. मी बाकड्यावर चढलो. आठशे दहा, आठशे वीस! माणसं टाळ्या पिटायला लागली. भिकाला काही करायलाच लागलं नाही, तो चुना लावत बसला. हजाराला मी भानावर आलो आणि एकदम हात खाली घेतला. चढ्या भावात अडकायचं नाही हा नियम. चष्मेवाला हजार दहाला अडकला. चांगला फसवला!

जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की तिकिटं त्याच्याकडे आहेत.

भिका म्हणाला, शेठ, तुम्ही रोज येत जा.

काळजी नाही. उद्या शेवटच्या तासात भाव पडतोच. संध्याकाळी घरी परत कोण नेतो माल?

५ डिसेंबर, रविवार. दुपारी तीन
दोन वाजता सहादू आणि बयाबाई दारात. हातात कांद्याची गोण आणि अंगावर ठेवणीतले कपडे. मी म्हटलं, आज कसं येणं केलंत? तेव्हा संध्यानं देवघरातून गंमत काढली. दोन तिकिटं. दादा-वहिनींसाठी. म्हणाली, रागावू नका, ब्लॅकचीच आहेत, पण दादानंच दिलेल्या भाऊबीजेच्या पैशांतली आहेत. आता आपली दोन काढा कपाटातून, चौघं मिळून जाऊ.

मी लांबूनच नंबर वाचले. जी-चौदा, जी-पंधरा.

कपाटात बराच वेळ शोधलं. शालू झटकला, लग्नपत्रिका पडली. संध्या मागे उभी. शेवटी मी म्हटलं, चोरी झालेली दिसते. सिंधुबाईंकडे कामाला येते त्या बाईचं नाव घेणार होतो, पण नाही घेतलं. तेवढी माणुसकी आहे माझ्यात.

बाहेर बयाबाई कौतुकानं तिकिटं उलटसुलट करून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. पण आमच्या गाळ्याच्या रिकाम्या गोण्या दरवर्षी त्यांच्याच घरी जातात. म्हणाल्या, दाजी, ह्यो तुमच्या गोनीवरला मार्का हाय ना?

हाय.

मग मी सगळ्यांना बसवून नीट समजावून सांगितलं. चाळीतला माल, लाल कांदा, आवक, दुसरा शो. सहादू मान डोलवत होते, त्यांना थोडं पटत होतं. संध्यानं सगळं ऐकून एवढंच विचारलं, मग दुसरा शो कधी आहे?

जी-चौदा, जी-पंधरा घेऊन नणंद-भावजय रिक्षानं गेल्या. नवा ब्लाउज चांगला दिसत होता. सांगायचं राहिलं.

रात्री
साडेचारला मी आणि सहादू नाट्यगृहाबाहेर. दाराशी एक जण सहाशेला विकत होता. सहादू म्हणाले, घ्या. मी म्हटलं, थांबा.

घंटा झाली. चारशे. सहादू म्हणाले, दाजी, आता घ्या ना, उतरला की! मी म्हटलं, पडता भाव आहे, पडत्या भावात हात घालायचा नाही. आतून टाळ्या. दोनशे. आत गाणं सुरू झालं, दार लागलं. शंभर. सहादू म्हणाले, मूळ भावाच्या खाली आला, आता नका अंत पाहू. मी म्हटलं, अजून तळ लागलेला नाही. ते वैतागून वडापाव खायला गेले.

मध्यंतरात वीस रुपये! काय बोललो होतो मी? एकोणीस म्हटलं तर तो मनुष्य शिवी देऊन निघून गेला.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. गुडघे दुखतात म्हणाले. दारावर फाडलेलं अर्धं तिकीट माझ्या हातात दिलं. फुकट. मी सहादूंना हाक मारून दाखवलं, बघा, पडला की नाही? सहादूंनी हात जोडले.

आत गेलो. स्टेजवर एक जण आभार मानत होता. मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे, समोसे पुरवणाऱ्याचे. पूर्ण ऐकलं. मोकळी सीट सोडून कुठे जायचं?

जी रांगेत संध्या दिसली. पदरानं डोळे पुसत होती. बयाबाई मला नंतर म्हणाल्या, ताईचं पोळ्यांवालं गानं सगळ्यात शेवटी झालं. लय गोड म्हनली ती बाई. पन ताई निम्मा वेळ दाराकडंच बघत व्हती.

६ डिसेंबर, सोमवार
पेपरात बातमी. कार्यक्रमानंतर रविराज आणि सरिता यांचं पुन्हा बिनसलं. मोमेंटोवर आधी कुणाचं नाव यावरून. यापुढे एकत्र कार्यक्रम नाही. म्हणजे नवा माल कधीच नाही. मार्केटमध्ये असं होत नाही. यात माझी काय चूक?

सकाळी पोळ्या झाल्या. स्वयंपाकघरातून नुसता लाटण्याचा आवाज आला.

आठशे रुपये शालूखाली नेऊन ठेवले. थोड्या वेळानं माझ्या टेबलावर परत. बरोबर चहाही होता. म्हणाली, ठेवा धरून, भाव येईल.

वाईट वाटतंय. अगदी आतून वाटतंय. माफी मागायचीय, वाक्यंही जुळवून ठेवलीत. पण आज मागितली तर फार महागात जाईल. चहा दिला म्हणजे राग उतरायला लागलाय. दोन-चार दिवस थांबतो. अजून उतरेल.