चांदरीचा पान्हा

६ मार्च, शुक्रवार
बायकोचं, झमकूचं, बारावं काल झालं. पाहुणे गेले. इतके दिवस चांदरी म्हैस शेजारच्या रेवीबेननी पिळली. सात लिटरवरून तीनवर आणली. उद्यापासून मीच पिळणार. रेवीबेन म्हणाल्या, "मोटाभाई, जन्मात कधी सडाला हात लावलाय?" संताप आला. एकतीस वर्षं खेडुतांना सल्ला दिला. ‘दुभत्या जनावराची निगा : अकरा नियम’ हे पत्रक माझंच. आठ लिटरवर नेऊन दाखवतो.

७ मार्च, पहाटे ५
नियम एक ते चार पाळले. सड कोमट पाण्याने धुतले, रेडकू लावलं. लाथ. अर्धा लिटर, तेही जमिनीवर. झमकूने लाडावून ठेवली आहे, दुसरं काही नाही.

८ मार्च
पेंड बदलली. पाव लिटर. डेअरीच्या रांगेत सगळ्या बाया, पुरुष मी एकटा. एकीने विचारलं, "साहेब, हे दूध की तीर्थ?" सगळ्या हसल्या. उद्यापासून उशिरा जाईन. लाजून नव्हे, गर्दी बरी नसते.

१० मार्च
नियम सात : धार काढताना पूर्ण शांतता. खोकलोसुद्धा नाही. थेंब नाही. सुरतेहून विपुलचा फोन. "बापा, आटलेली म्हैस ठेवून काय करणार? रविवारी दलाल पाठवतो." म्हटलं, आटलेली नाही, अडून बसली आहे. फोन आपटला. झमकूने ती रेडकापासून वाढवली. देणार नाही.

१३ मार्च
थेंब नाही. रेवीबेन निवडुंगाच्या कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी शांतता! म्हशीला वाटत असेल, घरात अजून मयत आहे." मग म्हणाल्या, "भाभी तर धारेला बसल्यापासून उठेपर्यंत तुमच्या नावाने बोटं मोडायची. पहिल्या शिवीला पान्हा, तिसरीला फेस."
खोटं आहे, म्हटलं. रोज पहाटे मी ओसरीवर पेपर वाचत असायचो, एक शब्द ऐकला नाही.
"ऐकायला पेपर खाली ठेवावा लागतो, मोटाभाई."
मग पिळताना तुम्हीच का नाही तसं बोललात, विचारलं. "तुम्हाला बोलायचा हक्क तिचा."
दार लावून घेतलं. ताटातला बाजरीचा रोटला तसाच राहिला. झमकूचा फार राग आला. बोलायचं होतं तर समोर बोलायचं.

१५ मार्च, रविवार, पहाटे
दलाल दहाला येणार. बसलो. आजूबाजूला कोणी नाही ना, बघितलं. सुरुवात जमेना. मग म्हटलं, "मुलाच्या लग्नातसुद्धा ह्यांनी पत्रकं वाटली." चांदरीने कान हलवला. "कधी विचारलं नाही, जेवलीस का." पहिली धार आली. थांबलो, की तीही थांबते. "छातीत दुखतंय म्हटलं, तर हे धानेऱ्याच्या मेळाव्यात लोकांच्या म्हशींना सल्ला द्यायला गेले."
मग थांबलो नाही. बोलायला पुष्कळ निघालं.
साडेतीन लिटर. पेंड बदलल्याचा गुण असावा.
दलालाला येऊ नको म्हणून कळवलं. बादली घासली, धुतली, ओसरीवर पालथी घातली.